वर्गात आलेला पाहुणा म्हणजे अख्खा देश नव्हे

शाळेत परदेशी पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडे काय होतं, ते वेगळं सांगायला नको. आदल्या दिवशी मैदान झाडून निघतं, चौथीच्या मुली स्वागतगीत बसवतात, फळ्यावर रंगीत खडूंनी ‘सुस्वागतम्’ उमटतं. पाहुण्याला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक, कुणीतरी आयत्या वेळी वाचलेला परिचय, मग संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे दोन शब्द, जे कधीच दोन नसतात. पाहुण्याच्या वाट्याला वीस मिनिटं उरतात आणि त्यातली दहा दुभाष्याची. शेवटच्या रांगेतली मुलं तोवर चटईच्या काड्या उपसण्यात रमलेली असतात. आभारप्रदर्शन, फोटो, वंदे मातरम्. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी: विद्यार्थ्यांनी जाणून घेतली अमुक देशाची संस्कृती.

जाणून घेतली का, हा खरा प्रश्न. प्राथमिक शाळेतल्या मुलांना दुसऱ्या देशातल्या माणसाकडून त्या देशाबद्दल ऐकायला मिळावं, ही कल्पना उत्तमच आहे. तिच्याभोवती गैरसमजही तितकेच आहेत. काही पालकांचे, काही शिक्षकांचे, थोडे खुद्द पाहुण्यांचेही. हे लिहिताना पुणं डोळ्यांसमोर आहे, कारण असे पाहुणे इथे पायलीला पन्नास नसले तरी पेठेपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

गैरसमज: परदेशी पाहुणा म्हणजे गोरा, फाडफाड इंग्रजी बोलणारा आणि नुकताच विमानातून उतरलेला.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचा २०२१-२२ चा अहवाल काढून पाहा. त्या वर्षी भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते आणि त्यांतले २८ टक्के नेपाळचे होते. त्याखालोखाल अफगाणिस्तान, अमेरिका, बांगलादेश. पुण्यात याच्या जोडीला इराण, येमेन, इराक आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांची मुलं-मुली वर्षानुवर्षं राहत आली आहेत. कॅम्पात, कोंढव्यात ती आपल्यासारखीच भाजीवाल्याशी घासाघीस करताना दिसतात. त्यांच्यापर्यंत पोचायला दूतावासाला पत्र लिहावं लागत नाही. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात किंवा भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या पुण्यातल्या कार्यालयात चौकशी केली तरी सुरुवात होते.

ही मुलं आपल्या शहरात राहतात, पण बहुतेकदा आपल्या घरांच्या बाहेरच राहतात. याची जाणीव झालेल्या एका प्राध्यापकाची गोष्ट पुण्यात प्रसिद्ध आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे शां. ब. मुजुमदार तेव्हा वसतिगृहाचे रेक्टरही होते. मॉरिशसहून आलेल्या एका विद्यार्थ्याला कावीळ झालेली, आणि त्याच्यासाठी एक मुलगी खिडकीतून डबा देते आहे, हे त्यांच्या नजरेस पडलं. घरापासून हजारो मैल दूर आलेल्या मुलांना इथे कुणीच नाही, हे त्यातून त्यांना उमगलं आणि १९७१ मध्ये सिम्बायोसिस ही संस्था उभी राहिली. पुढे तिचा किती विस्तार झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ गोष्ट मात्र एका डब्याची होती. शाळेने अशा एखाद्या विद्यार्थ्याला वर्गात बोलावणं हे मुलांच्या ज्ञानासाठी आहेच, पण पाहुण्यालाही त्यातून बरंच काही मिळतं. हा दुसरा भाग आपण धरतच नाही.

तर, नेपाळ. नेपाळी पाहुणीने चौथीच्या फळ्यावर आपल्या भाषेत चार ओळी लिहिल्या तर वर्ग त्या खडाखडा वाचेल, कारण लिपी देवनागरीच. निम्मा अर्थ लागेल, निम्मा भलताच लागेल, आणि त्या भलत्या अर्थावर जो हशा होईल तो कुठल्याही भाषणापेक्षा बरा. मग ती सांगू शकेल की काठमांडूतलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. साप्ताहिक सुट्टीचा वार शनिवार, त्यामुळे रविवारी दप्तर उचलावंच लागतं. नवं वर्ष एप्रिलच्या मध्यावर उजाडतं आणि सरकारी कागदावर सुद्धा विक्रम संवत असतं. तिहारमध्ये, म्हणजे आपण दिवाळी साजरी करतो त्याच सुमाराला, एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांना टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड खाऊ घालतात. नेपाळचा ध्वज चौकोनी नाही हे तर मुलांना काढून दाखवायलाच हवं. इतका जवळचा देश, आणि आपल्या मुलांना (खरं म्हणजे त्यांच्या आईबापांनाही) रखवालदार, मोमो आणि एव्हरेस्ट यांच्यापलीकडे त्याची काही खबर नसते.

नेपाळी पाहुणा ‘परदेशी वाटत नाही’ म्हणून यादीतून गळतो आणि जर्मनीतून आलेल्या पर्यटकाला, तो काय बोलणार आहे हे न विचारता, व्यासपीठावर बसवलं जातं. याला जगाची ओळख म्हणत नाहीत. आपल्याच मनातल्या उतरंडीची उजळणी म्हणतात.

गैरसमज: एवढ्याशा पोरांना काय कळतंय? हे सातवी-आठवीनंतर ठीक आहे.

आपल्याकडे तिसरीला जिल्हा, चौथीला शिवछत्रपती, आणि जग त्यानंतर, असा क्रम आहे. जवळून दूर जावं हे तत्त्व म्हणून चांगलंच आहे. पण जग मुलांच्या डोक्यात शिरायला अभ्यासक्रमाची वाट पाहत नाही. कार्टून, क्रिकेट, आजोबांची शेरेबाजी, मोबाईलवरचे व्हिडिओ यांतून परक्या माणसांची चित्रं आधीच तयार झालेली असतात.

मानसशास्त्रात यावर बरंच जुनं काम आहे. झां पियाजे आणि अ‍ॅन-मरी वेल यांनी जिनिव्हातल्या मुलांना देशाबद्दल साधे प्रश्न विचारले आणि त्यातून दिसलेलं १९५१ मध्ये प्रसिद्ध केलं. लहान मुलांना एकाच वेळी जिनिव्हाचं आणि स्वित्झर्लंडचं असणं झेपत नव्हतं. आणखी गंमत पुढे होती. परका म्हणजे कोण, तर फ्रेंच माणूस. मग तू फ्रान्सला गेलास तर? तरी परका फ्रेंचच, मी स्विस! आपणही कुणाच्या तरी लेखी परके असतो, ही समज येते ती साधारण दहा-अकराव्या वर्षाच्या आसपास, आणि ती आपोआप येतेच असं नाही.

वॉलेस लॅम्बर्ट आणि ओटो क्लाइनबर्ग यांचं १९६७ चं पुस्तक याहून व्यापक आहे. जगाच्या अकरा भागांतल्या सुमारे ३,३०० मुलांना त्यांनी परक्या लोकांबद्दल विचारलं. वयं तीन: सहा, दहा आणि चौदा. परक्यांबद्दल सगळ्यात जास्त कुतूहल आणि मोकळेपणा दहा वर्षांच्या मुलांमध्ये दिसला. चौदाव्या वर्षापर्यंत तो मोकळेपणा ओसरू लागलेला होता. अलीकडे, २०११ मध्ये, राबे आणि बीलमान यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. मुलांमधले पूर्वग्रह पाच ते सात या वयापर्यंत वाढत जातात आणि आठ ते दहाच्या दरम्यान किंचित उतरतात, असं त्यांना आढळलं.

म्हणजे तिसरी-चौथी हे लहान वय नाही, नेमकं वय आहे. आठवीपर्यंत थांबणारी शाळा दार बंद होत आल्यावर बेल वाजवते.

गैरसमज: भेट झाली की पूर्वग्रह गळून पडतात.

हा भाबडा आणि सगळ्यात लाडका समज. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये पूर्वग्रहांच्या स्वरूपावरचं आपलं पुस्तक लिहिलं तेव्हाच सांगितलं होतं की, नुसत्या संपर्काने काम होत नाही. दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत घ्यावी लागावी, आणि या सगळ्याला संस्थेचा पाठिंबा हवा. २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ३८ देशांतले ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्कामुळे पूर्वग्रह कमी होतात हे त्यांनाही दिसलं. ऑलपोर्टच्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तरी थोडा उतार पडतो, झाल्या तर जास्त पडतो. पण उतार पडतो म्हणजे नाहीसे होतात, असं नव्हे. परिणाम बेताचाच आहे.

आता आपला कार्यक्रम या अटींवर घासून पाहा. पाहुणा व्यासपीठावर खुर्चीत, मुलं खाली चटईवर. दर्जा समान नाही. उद्दिष्ट? मुलांचं शांत बसण्याचं, पाहुण्याचं वेळेत संपवण्याचं. एकत्र काम काहीच नाही. चौथी अट तेवढी भरभरून पुरी होते, पाठिंबा द्यायला अख्खं संचालक मंडळ हजर असतं.

याउलट १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शिंझो ताकागाकी हे ज्युदोचे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात आले, ते भाषण द्यायला नव्हे. त्यांनी मुलांना आणि मुलींनाही ज्युदो शिकवला. जपान्याचा हात मनगटावर पडतो, आपण आपटतो, तोच उठवून पुन्हा पवित्रा घ्यायला लावतो. अशा वर्गात जपान म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नसणार. प्रत्येक शाळेला ताकागाकी मिळणार नाही, आणि मिळायची गरजही नाही. पाहुण्याबरोबर कागदाची घडी घालणं, त्याच्या गावचा मैदानी खेळ खेळणं, त्याच्याकडून एक ते दहा आकडे शिकून त्याला आपले शिकवणं हे कुठेही होऊ शकतं. आकड्यांचा खेळ सगळ्यात स्वस्त, आणि त्यात पाहुणाही चुकतो. मुलांना पाहुणा चुकलेला फार आवडतो.

गैरसमज: पाहुणा जे सांगेल ते त्याच्या देशाचं.

हा समजायला सोपा जावा म्हणून आपणच पाहुणे आहोत असं धरू. न्यू जर्सीतल्या एका प्राथमिक शाळेत दिवाळीच्या सुमारास मराठी आईला बोलावतात. अमेरिकेत हे आता नेहमीचं झालं आहे. न्यूयॉर्क शहरात तर कायदा होऊन २०२४ पासून दिवाळीला शाळांना सुट्टी असते. आई पणत्या नेते, चकली नेते, मुलाने गॅरेजमध्ये केलेल्या किल्ल्याचे फोटो दाखवते आणि सांगते, भारतात दिवाळीला मुलं मातीचे किल्ले करतात, वर शिवाजी महाराजांना बसवतात. वर्ग खूश. पण त्याच वर्गात चेन्नईची मुलगी असते. तिच्या घरी किल्ला कुणी पाहिलेलाही नाही. तिच्याकडे नरक चतुर्दशीची पहाटच मुख्य. कोलकात्याच्या मुलाकडे त्या रात्री कालीपूजा असते. आई खोटं बोलली का? मुळीच नाही. तिने आपल्या अंगणातलं सांगितलं आणि वर्गाने ते दीडशे कोटी लोकांचं समजून घेतलं. ‘आमच्या घरी’ एवढे दोन शब्द वाक्याच्या सुरुवातीला आले असते तर काम झालं असतं.

पुण्यातल्या शाळेत आलेल्या केनियन विद्यार्थ्याची पंचाईत याच्या शंभरपट असते. त्याला नुसत्या केनियाचा नाही, अख्ख्या आफ्रिकेचा प्रतिनिधी व्हावं लागतं. ‘आफ्रिकेत सिंह कुठे दिसतात?’ हा प्रश्न त्याने हजारदा ऐकलेला असतो. आफ्रिका हा देश नाही. संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश त्या खंडात आहेत. क्षेत्रफळ तीन कोटी चौरस किलोमीटरहून जास्त, भारताच्या नऊपट. वर्गातला भिंतीवरचा नकाशा इथे मदत करण्याऐवजी घात करतो. बऱ्याच जगाच्या नकाशांमागे मर्केटरने १५६९ मध्ये दर्यावर्दींसाठी केलेली रचना असते आणि ती ध्रुवांकडचा प्रदेश फुगवून दाखवते. तिच्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं भासतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. पाहुणा येण्याआधी मुलांना पृथ्वीचा गोल हातात द्यावा, नकाशा नंतर.

आणि केनियाबद्दल त्या विद्यार्थ्याला बोलू दिलं तर? नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही वर. जुलैत तिथे स्वेटर लागतो. ‘आफ्रिकेत भयंकर ऊन’ म्हणणाऱ्या मुलाला हे पचायला जरा वेळ लागतो. घरी चपाती होते, दूध घातलेला चहा होतो. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर युगांडा रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर तिकडे गेले, त्यांच्यामागून दुकानदार गेले, आणि त्यांच्या ताटातलं बरंच काही तिथल्या ताटात आलं. २०१७ मध्ये केनिया सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. आपली माणसं कुठेतरी ‘जमात’ म्हणून मोजली जातात, हे ऐकून पुण्यातल्या मुलांनी ‘आदिवासी नृत्य करून दाखवा’ असं पाहुण्याला म्हणण्याआधी थोडं थांबलं तर बरंच झालं म्हणायचं. मोबाईलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा केनियात २००७ साली सुरू झाली. आपलं यूपीआय २०१६ चं.

एका देशाचे दोन पाहुणे बोलावता आले तर जरूर बोलवावेत. एक शहरातला, एक गावाकडचा. किंवा एक मुलगा, एक मुलगी. दोघांचं एखाद्या गोष्टीवर पटलं नाही की देश ही चीज मुलांना आपोआप दिसते.

गैरसमज: संस्कृती म्हणजे पोशाख, पदार्थ आणि नाच.

जपानमधल्या शिक्षकांमध्ये यावर टीका करताना ‘३ एफ’ असा शब्दप्रयोग चालतो: फूड, फॅशन, फेस्टिव्हल. इतरही देशांत ही तक्रार आहे. खाणं, कपडे, सण यांत वाईट काही नाही. मुलं तिथूनच आत शिरतात. अडचण अशी की बहुतेक कार्यक्रम तिथेच संपतात. किमोनो घालून आलेली पाहुणी मुलांना कायमची किमोनोतच दिसत राहते. रोज ती जीन्स घालून पौड रोडवरून बसने जाते हे त्यांना कळतच नाही.

जपानच्याच पाहुणीला तिच्या प्राथमिक शाळेबद्दल विचारून पाहा. तिथे मुलं वर्ग, जिने, काही ठिकाणी स्वच्छतागृहंही स्वतः साफ करतात. दुपारचं जेवण शाळेतच असतं, त्यासाठी १९५४ चा कायदा आहे, आणि पांढरे अ‍ॅप्रन, टोप्या घालून मुलंच पाळीपाळीने वाढतात. सगळ्यांना सारखंच जेवण, आणि शिक्षकही बहुधा मुलांबरोबर वर्गातच जेवतात. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. लहान मुलं घोळक्याने चालत शाळेत येतात, मोठी मुलं पुढे-मागे राहून त्यांना सांभाळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज खिचडीच्या रांगेत उभं राहणारं मूल हे ऐकून गप्प बसूच शकत नाही. आमच्याकडे ताई वाढतात. आम्ही ताटं धुतो. तुमच्याकडे न आवडलेली भाजी टाकता येते का? हा शेवटचा प्रश्न संस्कृतीचा आहे, आणि तो कुठल्याही प्रश्नावलीत सापडायचा नाही.

पुण्याच्या मुलांना यात एक सोय आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. पाहुणीला शाळेत बोलावण्याऐवजी मुलांनाच तिच्याबरोबर तिथे न्यावं. तिच्याकडच्या बागा अशाच असतात का, आणि इथे काय बिघडलंय, हे ती दाखवू शकेल. दुसऱ्या भागात मुलांना जास्त रस असेल.

इराणी पाहुण्याच्या बाबतीतही हेच. इराण म्हणजे वाळवंट आणि अरब, असं मुलांनी धरलेलं असतं. दोन्ही चूक. बहुसंख्य इराणी अरब नाहीत, त्यांची भाषा फारसी. तेहरानमध्ये हिवाळ्यात बर्फ पडतं आणि शहराच्या उत्तरेला डोंगरात बर्फावर घसरण्याची ठिकाणं आहेत. नवरोजला ते ज्या सात वस्तू मांडतात त्यांत सफरचंद, लसूण आणि व्हिनेगर असतात. लसणीला पूजेसारख्या मांडणीत जागा आहे हे ऐकून चौथीचा वर्ग हसणार, हसू द्यावं. पुण्या-मुंबईच्या कोपऱ्यावरचा इराणी आणि २१ मार्चला पारशी शेजाऱ्यांकडे होणारा नवरोज हे धागे शिक्षकांनी नंतर जोडून द्यायचे.

गैरसमज: मुलांनी आगाऊ प्रश्न विचारू नयेत.

विचारू द्यावेत. ‘तुमचे केस असे कुरळे का?’, ‘तुम्ही आंघोळ रोज करता का?’, ‘तुमच्याकडे आई मारते का?’ यात आगाऊपणा नसतो, ते कुतूहल असतं. शिक्षक डोळे वटारतात, तेव्हा त्या मुलाला एवढंच समजतं की कुरळे केस ही न बोलण्याजोगी गोष्ट आहे. हे त्या प्रश्नापेक्षा वाईट.

मात्र एक कुंपण लागतं, आणि ते मुलांना घालायचं नसून कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी पाळायचं आहे. पुण्यात शिकणाऱ्या अनेक अफगाण विद्यार्थ्यांचं घर ऑगस्ट २०२१ मध्ये एका आठवड्यात पालटलं. तिथे आज मुलींना सहावीपुढे शाळेत जाता येत नाही. अशा पाहुणीला ‘तुमच्याकडे बॉम्ब पडतात का?’ असं नऊ वर्षांचं मूल विचारणारच. तिला त्यावर बोलायचं आहे की नाही, हे आधी एकटीला भेटून विचारावं. काहींना बोलायचं असतं, आपल्याकडच्या मुलींना ते ऐकवावंसं वाटतं. काहींना नसतं. मुलांचे प्रश्न आठवडाभर आधी चिठ्ठ्यांवर लिहून घेऊन पाहुण्याकडे दिले की अर्धी चिंता मिटते. राहिली फोटोंची बाब. मुलांचे फोटो पालकांना विचारून आणि पाहुण्याचे पाहुण्याला विचारून, इतकं साधं आहे.

गैरसमज: हे सगळं इंटरनॅशनल शाळांना परवडतं. आमच्या गावात कोण येणार?

सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी हे नाव या वाक्यावर उत्तर म्हणून पुरेसं आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरचा हा पुरस्कार, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड म्हणून ते माहीत आहेत. पण इंटरनेटवरून इतर देशांतल्या वर्गांना घडवलेल्या आभासी सहली, आणि एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना जोडून देणारा उपक्रम (भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराक-इराण) हेही त्यांच्या कामात होतं. डिसले रुजू झाले तेव्हा शाळा गोठा आणि कोठीच्या मध्ये, पडक्या इमारतीत भरत होती.

तेव्हा अडचण पैशांची कमी आणि घड्याळाची जास्त. आपली शाळा अकराला भरते तेव्हा नैरोबीत साडेआठ आणि तोक्योत अडीच वाजलेले असतात, दोन्हीकडे माणूस बोलू शकतो. न्यूयॉर्कमधला मामा त्या वेळी गाढ झोपेत असतो, आणि उत्साही गुरुजी हटकून त्यालाच फोन लावतात. पडद्यावरचा पाहुणा वर्गातल्या पाहुण्याइतका खरा नसतो हे मान्य. पण तो आपलं स्वयंपाकघर दाखवू शकतो, खिडकीबाहेरचा पाऊस दाखवू शकतो. चटईवरच्या पाहुण्याला ते जमत नाही.

गैरसमज: दुसऱ्यांची संस्कृती शिकवली की मुलं आपली विसरतात.

यावर फार बोलावंसं वाटत नाही. मॉरिशसच्या मराठी माणसांनी कोकण सोडून पिढ्या उलटल्या, भोवती फ्रेंच, क्रिओल, भोजपुरी, तमिळ सगळं नांदतं आहे, तरीही गणेश चतुर्थी तिथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. महाराष्ट्रातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. परक्यांच्या सहवासात आपलं पुसलं जात असतं तर आधी तिथे पुसलं गेलं असतं. वर्गात तर उलटच होतं. पाहुणा विचारतो, तुम्ही गणपती पाण्यात का सोडता? तीस मुलं एकमेकांकडे बघतात आणि संध्याकाळी तीस आज्यांना कामाला लावतात.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की शाळांकडे अशा उपक्रमांना जरा उसंत असते. मुख्याध्यापकांनी एवढंच करावं: शालीचे पैसे वाचवावेत, व्यासपीठ मांडू नये, पाहुण्याला वर्गात, मुलांच्या बरोबरीने, चाळीस मिनिटं द्यावीत आणि पदाधिकाऱ्यांना त्या दिवशी चहाला उशिरा बोलवावं. पहिला पाहुणा शोधायला लांब जायचीही गरज नाही. पुण्या-मुंबईच्या महापालिका शाळांमध्ये कामासाठी इथे आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं शिकतात. तुमच्या हजेरीपटावर असं एखादं नाव असेल, तर त्याच्या आईला बोलवा आणि तिला खुर्ची द्या.